कचकड्याचं पेन

सांडू खरादी बिडी पीत नव्हता आणि बिडी पिणाऱ्याच्या शेजारी बसतही नव्हता. रंगारगल्लीतल्या लोकांना वाटायचं, माळकरी असेल. पण गळ्यात माळ नव्हती. देवळात गेला तरी आरती सुरू व्हायच्या आत तो बाहेर यायचा. तबकातला कापूर पेटायच्या आधी याच्या चपला पायात असायच्या. दिवाळीत फटाके वाजायला लागले की दार लावून घ्यायचा. माणूस मऊ, हाताला सफाई दांडगी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सतत कान टवकारून असल्यासारखा. त्याला कशाची भीती वाटते हे त्यानं पुष्कळ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

तो मूळचा सोयगावकडचा. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रझाकारांची धास्ती सरली, रस्ते मोकळे झाले. आणि त्यानंतर दोन-तीन उन्हाळ्यांनी सोयगावच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला. सांडू तेव्हा मिसरूड फुटलेला गडी. शेतात त्याचा जीव रमत नव्हता. सिनेमावाल्यांचं पाणी भर, पोस्टर चिकटव, असं करता करता तो फारूखमिया ऑपरेटरच्या हाताखाली रिळं गुंडाळायला बसला. फारूखमिया हसतमुख होता, पानाचा शौकीन होता. पत्र्याच्या केबिनीत तो कुणाला बिडी पेटवू देत नसे. रिळाचा डबा उघडला की आतून कापरासारखा वास यायचा, त्यात काहीतरी आंबूस मिसळलेलं. सांडूला तो वास आवडायचा. त्याला वाटायचं, सिनेमाला असाच वास असतो.

एके दिवशी दुपारी फारूखमिया केबिनीत बसून तुटलेली फिल्म जोडत होता. सांडू हौदावर कळशी भरत होता. ठिणगी कुठून आली ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पत्र्याच्या फटींतून एकदम पिवळाजर्द उजेड बाहेर पडला, भर उन्हात डोळे दिपावेत असा. मग फुस्स करून मोठा आवाज झाला, आणि फारूखमिया पेटता बाहेर आला. त्याच्या हातात पेटलेलं रीळ होतं. ते त्यानं बैलांच्या हौदात फेकलं आणि स्वतः मातीत लोळला.

सांडू हौदाजवळ उभा होता. रीळ तळाला गेलं, पण विझलं नाही. पाण्याखाली ते जळतच राहिलं. बुडबुडे वर येत होते, पिवळा धूर पाण्यातून निघत होता, आणि खाली तळाशी जाळ सापासारखा वेटोळ्या-वेटोळ्यानं सरकत होता. विस्तव पाण्याला भीत नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. जळगावच्या दवाखान्यात नेताना फारूखमियानं वाटेतच, बैलगाडीत, जीव सोडला. त्या आठवड्यात सांडूनं गाव सोडलं.

औरंगाबादला रंगारगल्लीत त्याला शौकतभाई खराद्यानं ठेवून घेतलं. शौकतभाईंच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या खराद, म्हणजे लाकूड गरगर फिरवत हत्यारानं कातायचं काम. हुक्क्याच्या नळ्या, हातातल्या काठ्यांच्या मुठी, पलंगाचे पाय, बुद्धिबळाचे मोहरे. पण राज्य बदललं तसे हुक्के गेले आणि काठ्या मिरवणारे जहागीरदारही गेले. कचेऱ्यांतली उर्दू जाऊन मराठी आली, शाळा वाढल्या, कॉलेज निघालं, आणि ज्याच्या त्याच्या खिशाला पेन लागलं. शौकतभाईंनी काळाची नाडी ओळखली आणि पायानं फिरवायच्या खरादावर शाईची पेनं उतरवायला घेतली. माल म्हणजे एबोनाइट, काळं कडक रबर. हत्यार लावलं की गंधकाचा वास सुटायचा, हात काळे व्हायचे. सांडूला ते काम भावलं. रबर रटाळ असतं पण भरवशाचं असतं. टोपणाचे आटे एकदा बसले की जन्मभर बसले.

खरादाच्या खोलीमागं अंगण, अंगणापलीकडं एक खोली. लग्न झाल्यावर सांडू आणि त्याची बायको दगडाबाई त्या खोलीत राहायला लागली. दगडाबाई नावासारखीच खंबीर होती. विंचू दिसला तर चपलेनं मारून पुन्हा पीठ मळायला बसायची. नवरा रोज चूल विझली का म्हणून दोनदा बघतो, याचं तिला हसू यायचं. शौकतभाई दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. त्यांची धाकटी लेक मुनिरा मात्र दिवसभर दुकानातच असायची.

मग एक दिवस गुलमंडीवरचे पेनांचे व्यापारी नानासाहेब एक लांबट पुडकं घेऊन आले.

"शौकतभाई, हे बघा. मुंबईहून मागवलंय," म्हणून त्यांनी दोरी सोडली.

आत कांड्या होत्या. एक मोराच्या मानेसारखी निळी-हिरवी, एक मधासारखी, एक शिंपल्याच्या पोटासारखी चकाकणारी. उजेडाकडं धरून फिरवली की आतल्या आत रंग हलायचे.

"सेल्युलॉइड म्हणतात याला. आपण कचकडा म्हणतो ना, बाहुल्या-फण्यांचा, तसलाच. पण जात बघा! पुण्यात लोक काळ्या पेनाकडं बघेनात आता."

शौकतभाईंनी कांडी गालाला लावून बघितली. "सांडू, हात लगा के देख. थंडी नहीं लगती. जिंदा चीज है ये."

सांडूनं हातात घेतली. खरंच, ती गार लागत नव्हती. हलकी होती, गुळगुळीत होती, तळव्यात ऊब धरत होती. त्याला ती आवडली. तेवढ्यात शौकतभाईंनी दुसरी कांडी करवतीखाली धरली आणि दोनदा घासली. खोलीत वास पसरला.

कापूर, आणि त्यात काहीतरी आंबूस.

सांडूच्या हातातली कांडी खाली पडली. कानात बुडबुड्यांचा आवाज यायला लागला. तो कसाबसा दाराबाहेर आला, गटाराशी बसला आणि भडाभडा ओकला.

"क्या हुआ रे?" शौकतभाई मागं आले.

"पित्त झालंय, उस्ताद."

तोंड धुऊन तो परत आला तेव्हा नानासाहेब निघायच्या बेतात होते. सांडूनं सगळा धीर गोळा करून विचारलं, "नानासाहेब, हे जळतं का हो?"

नानासाहेब हसले. "जगात काय जळत नाही सांडू? लाकूड जळत नाही? कापूस जळत नाही?"

शौकतभाईही हसले. सांडू तरी काय सांगणार होता? हे सिनेमाच्या रिळाचं भावंड आहे? पाण्यातसुद्धा जळतं? कोण ऐकणार? आणि विचारलं, तुला कसं ठाऊक, तर फारूखमियाचं सगळं सांगावं लागणार. ते त्याच्या घशाखालून कधी वर आलंच नव्हतं. तो आपल्या खरादावर जाऊन बसला.

पहिली पेनं शौकतभाईंनी स्वतः केली. त्यांचा हात वेगवान, रबराला आणि शिसमाला सरावलेला. पण कचकडा वेगात तापायचा, मऊ पडायचा, नळी वाकडी व्हायची. तीन-चार कांड्या वाया गेल्यावर त्यांनी एक सांडूपुढं ठेवली. "तू देख."

नाही म्हणायची सोय नव्हती. सांडूनं बादलीभर पाणी शेजारी घेतलं. पाण्यानं काही होणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी घेतलं. हत्याराला इतकी धार लावली की अंगठ्यावरचा केस तुटावा. पाय हळू चालवला, मध्ये मध्ये थांबला, कांडीवर ओल्या फडक्यानं थेंब सोडत राहिला. ती कोमट लागली तरी तो हात काढून घ्यायचा, आणि गार होईपर्यंत हत्यार लावायचा नाही. खाली पडणारा कीस तो लगेच पाण्याच्या डब्यात टाकायचा. आणि मग घडलं असं, की ज्याला त्या वस्तूची सगळ्यात जास्त भीती, त्याच्याच हातून ती सगळ्यात सुंदर उतरली. कचकड्याला नेमकं हेच हवं असतं: गार हात, धारदार हत्यार आणि घाई नको. कीस रेशमाच्या फितीसारखा अखंड निघत होता. घासून पॉलिश केल्यावर पेनाच्या आत चांदण्यासारखा उजेड तरंगायला लागला.

"वाह!" शौकतभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आजसे ये सब काम तेरा."

त्या दिवसापासून सांडू रोज सकाळी दुकानात शिरला की आधी बादली भरून ठेवायचा.

पेनं खपायला लागली. कॉलेजातली पोरं, वकील, नवे मास्तर, सगळ्यांना रंगीत पेन हवं. नानासाहेबांनी मोरपंखी पेन आपल्याच खिशाला लावलं. एकदा दुकानात ते सिगारेट पेटवायला वाकले, काडीचा जाळ खिशापासून वीतभर अंतरावर होता, आणि सांडू जागेवरून ओरडला, "नानासाहेब!" सगळे चमकून बघायला लागले. "काय रे?" "काय नाय. मुंगळा दिसला सदऱ्यावर." रस्त्यानं जाताना त्याला आता प्रत्येक खिशात एक वात दिसायची.

मग टोपणांच्या तक्रारी आल्या. विकताना घट्ट बसणारं टोपण चार-सहा महिन्यांनी सैल व्हायचं, आटे निसटायचे. एखाद्याच्या नळीला बारीक चीर जायची. नानासाहेब वैतागले. "दिसायला अप्सरा, पण संसाराला नाही," असं म्हणाले. शौकतभाईंनी शहागंजातल्या एका म्हाताऱ्या फणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कचकडा ताजा वापरू नका, आतला कापूर उडून जाईस्तोवर तो आवळत राहतो. वर्ष-दीड वर्ष कोरड्या, उबदार जागी सुकवा, मग हात लावा.

कोरडी, उबदार जागा कुठली? सांडूच्या खोलीतला माळा. चुलीच्या बरोब्बर वर.

"तेरे यहाँ रखते हैं. दुकानात उंदीर लई आहेत," शौकतभाई म्हणाले आणि स्वतः शिडी लावून गठ्ठा वर चढवून आले.

दगडाबाई खाली भाकरी थापत होती. तव्याखाली जाळ होता. सांडू दाराच्या चौकटीला टेकून एकदा जाळाकडं, एकदा माळ्याकडं बघत होता.

तेव्हापासून स्वयंपाक चालू असेपर्यंत तो चुलीपुढं बसायचा, जाळ जरा वर आला की लाकूड मागं ओढायचा. दगडाबाई करवादायची, "अवो, भाकरी कच्ची राहायली ना! काय झालंय तुमाला?"

"चूल अंगणात मांड."

"आन पावसात काय छत्री धरून रांधू?"

तो पुन्हा एक लाकूड मागं ओढायचा. माळ्यावरून वास खाली यायचा. बाकी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. दगडाबाई तर म्हणायची, बरं झालं, ढेकूण पळाले. सांडूला अंथरुणात पडल्यावर वाटायचं, वर एक जनावर निजलंय आणि ते कधीतरी कूस बदलणार. तो वाळत चालला. गल्लीतल्या बायका दगडाबाईला म्हणायला लागल्या, तुझ्या नवऱ्याला काहीतरी बाहेरचं लागलंय.

कीस तो रोज ओल्या डब्यातून नेऊन गावाबाहेरच्या माळावर पुरून यायचा. पण मुनिरा त्यातल्या लांब लांब फिती हळूच उचलायची. निळ्या-हिरव्या फितींच्या ती बांगड्या करायची, वेणीत गुंफायची. सांडूनं तिला दोनदा दटावलं. शौकतभाई म्हणाले, "खेलने दे रे, कचरा तो है."

त्या पावसाळ्यात झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नाही, लाकडं भिजली, घराघरांत धूर. सांडू सकाळीच निबा आणायला नानासाहेबांच्या दुकानी गेला होता. घाईच्या मालासाठी त्या दिवशी शौकतभाई स्वतः कचकड्यावर बसले होते, आणि त्यांचा कीस कोरडाच टोपलीत साचला होता. दगडाबाईची चूल काही केल्या पेटेना. ती खरादाच्या खोलीत आली. लाकडाचा भुसा ती नेहमीच जळणाला न्यायची. आज भुसा नव्हता, रंगीत कीस होता. तिनं दोन्ही हातांनी ओंजळ भरून घेतली.

सांडू अंगणात पाय ठेवत होता. दारातून त्याला दिसलं: दगडाबाई चुलीपुढं उकिडवी बसलेली, आणि ती काहीतरी निळं-हिरवं लाकडांखाली सारतेय. एका लाकडाच्या टोकाला लाल निखारा होता.

त्याला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

फुस्स!

तोच आवाज, तोच पिवळा उजेड. जाळ चुलीतून उसळून एकदम माळ्याच्या फळीपर्यंत गेला. दगडाबाई मागं कोसळली. तिच्या पदराला धग लागली होती. तिनं तो तसाच जमिनीवर आपटला, पायाखाली चुरगळला, आणि पाण्याचा हंडा चुलीवर पालथा केला. हे सगळं तिनं एकटीनं केलं. सांडू चौकटीत खिळल्यासारखा उभा होता. त्याला ती दिसत नव्हती. त्याला हौदाचा तळ दिसत होता.

"अवो!" दगडाबाई ओरडली. "बघताव काय? वर बघा, फळीला काय लागलं का!"

त्या ओरडण्यानं तो हलला. शिडी न लावता तो भिंतीच्या खुंटीवर पाय देऊन वर चढला. फळी काळवंडली होती, गठ्ठ्याच्या गोणपाटाचा कोपरा करपला होता. आत काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. गठ्ठा पेट घेतोय की घेऊन चुकलाय? त्यानं तो छातीशी कवटाळला, उडी मारली आणि पळत सुटला. अंगण, दुकान, गल्ली. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" असं ओरडत तो भर पावसात पळत होता. लोक दाराबाहेर येऊन बघत होते. कुणाला वाटलं चोर, कुणाला वाटलं, छातीशी लेकरू आहे. प्रत्येक पावलाला त्याला वाटत होतं, आता, आता छाती पेटणार. पण टाकून देता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना घरं होती, पोरं होती.

पैठण गेटाबाहेर तेव्हा मोकळा माळ होता. तिथं त्यानं गठ्ठा चिखलात ठेवला आणि लांब जाऊन बसला. मग त्याच्या मनात आलं, कुणी उचलून नेला तर? म्हणून जरा जवळ सरकला. मग पुन्हा लांब. तसाच तो भिजत, कुडकुडत बसून राहिला. जवळ बसवत नव्हतं, सोडून जाववत नव्हतं.

शौकतभाई धापा टाकत आले. मागून दगडाबाई, तिच्या भुवया जळाल्या होत्या, हाताला फोड आला होता, पण ती धड होती. तिला बघून सांडूला रडू कोसळलं. एवढा मोठा गडी तोंडावर पालथे हात घेऊन रडला. आणि रडता रडताच त्यानं सगळं सांगितलं: सोयगावचा तंबू, फारूखमिया, हौद, पाण्याखालचा जाळ.

शौकतभाई ऐकून घेत राहिले. पाऊस जरा थांबला होता. त्यांनी गोणपाट उसवलं, एका कांडीचा नखाएवढा तुकडा कापला, दगडावर ठेवला आणि खिशातून काडेपेटी काढली. सांडू उठून शहराच्या पडक्या तटबंदीच्या आडोशाला गेला. दगडाबाई त्याच्यामागं गेली आणि तिनं त्याचा हात घट्ट धरला. ओली काडी दोनदा विझली. तिसरी लागली. तुकडा भप्पकन पेटला, हातभर जाळ निघाला, आणि शौकतभाईंनी डबक्यातलं पाणी ओंजळीनं त्यावर मारलं तरी तो जळून संपूनच गेला. दगडावर काही उरलं नाही.

शौकतभाईंनी दगडावरून बोट फिरवून बघितलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"मुनिरा," ते म्हणाले. "वो बालों में बांधके घूमती है."

आणि ते म्हातारे पाय घेऊन घराकडं पळत सुटले.

मुनिरेला काही झालं नव्हतं. तिची आई गौहर तेव्हा चुलीपुढं होती आणि पोर तिच्या मांडीला टेकून बसली होती, केसांत दोन निळ्या फिती. शौकतभाईंनी त्या फिती सोडवल्या आणि चुलीपासून लांब नेऊन पाण्यात बुडवल्या; गौहरला वाटलं, यांना वेड लागलं. त्या दिवशी शौकतभाई जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सांडूकडं येऊन एवढंच म्हणाले, "तूने बोला क्यों नहीं?"

"तुमी हसला असता, उस्ताद."

"हौ," शौकतभाई म्हणाले. "हसलो असतो."

नानासाहेबांना त्यांनी सांगून टाकलं की रंगीत पेनं बंद. पण ते त्यांचं त्यांनाच झेपलं नाही. ज्याच्या हाताला एकदा कचकड्याची चटक लागली, त्याला काळ्या रबरात परत रस येत नाही. महिन्याभरानं त्यांनी माळावर, वस्तीपासून लांब, एक पत्र्याची छपरी टाकली. कांड्या तिथं पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि काम तिथंच, ओल्यानं, गार हातानं करायला लागले. सांडूला त्यांनी कधी बोलावलं नाही. सांडू रंगारगल्लीत रबरावर बसायचा. माळा रिकामा झाला, तरी त्याची नजर जेवताना वर जायचीच. दगडाबाईनं मात्र त्या दिवसापासून त्याला हसणं सोडलं. रोज निजायच्या आधी ती स्वतःच चुलीत पाणी शिंपडायची आणि म्हणायची, "इझली बगा." तो तरीही उठून बघायचा. ती पाय आवरून त्याला वाट द्यायची.

कचकड्याच्या नफ्या-तोट्यावर शौकतभाई आणि नानासाहेबांचे वाद पुढंही चालत. नानासाहेब म्हणायचे, सुकवायला वर्ष, करायला चौपट वेळ, वर आगीची टांगती तलवार; एवढ्यात मी साधी दहा पेनं विकतो. शौकतभाई म्हणायचे, साधी दहा विका, पण अकरावं हातात घेऊन बघा. शेवटी तो वाद दोघांनी मिटवलाच नाही. साच्यातली प्लॅस्टिकची पेनं आली, मग रिफिलची आली, आणि मुंबईहून कांड्या येणं बंद झालं.

मुनिरा मोठी झाली. शिकली, मास्तरकीची परीक्षा पास झाली आणि मुलींच्या उर्दू शाळेत लागली. शौकतभाईंच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. एक दिवस ते काठी टेकत सांडूकडं आले. जुन्या फडक्यात गुंडाळलेली एक कांडी त्यांनी त्याच्यापुढं ठेवली. मधाच्या रंगाची. कित्येक वर्षं सुकलेली.

"बेटी के लिए. माझ्यानं आता होत नाही. तू नाही म्हणालास तरी चालेल, सांडू. मी रागावणार नाही."

सांडूनं कांडीला हात लावला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. दगडाबाईनं आतून बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी पाणी धरते."

त्यांनी पायाचा खराद उचलून माळावरच्या छपरीत नेला. सकाळची वेळ, वारा पडलेला, आजूबाजूला चिटपाखरू नाही. शौकतभाई बाहेर दगडावर बसले. दगडाबाई तांब्यातून थेंब थेंब पाणी सोडत राहिली. हत्यार टेकलं आणि वास सुटला, तशी सांडूची मान ताठ झाली, दातांवर दात बसले. "थांबता का?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. पहिली फीत निघाली. त्याचे हात मात्र कापत नव्हते. हातांना भीती कळतच नव्हती जणू. बाकी सगळं अंग भीत होतं. मध्ये तीनदा तो बाहेर जाऊन आला, एकदा ओकलाही, पुन्हा येऊन बसला. उन्हं कलायच्या आत नळी झाली, टोपण झालं, आटे बसले. दगडाबाईनं फितींचा डबा खोल खड्डा करून पुरला आणि वर दगड ठेवला.

पेन शौकतभाईंच्या हातात दिलं तेव्हा त्यांना ते दिसत नव्हतं. त्यांनी ते गालाला लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

शौकतभाई गेल्यावरही मुनिरा दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत पेन साफ करायला सांडूकडं यायची. टोपण तसंच घट्ट बसायचं. मधाचा रंग फक्त थोडा गडद झाला होता. सांडू ते उघडायचा, निब काढायचा, धुवायचा, पण सगळं हात लांब ठेवून, तोंड वळवून. एकदा तिनं विचारलं, "चाचा, एक विचारू? कचकड्याचं पेन करण्यात खरंच एवढं काही आहे का? शाळेत सगळ्यांकडं प्लॅस्टिकची आहेत, चालतातच की."

सांडूनं पेन फडक्यानं पुसलं.

"यापेक्षा चांगलं काई माझ्या हातून झालं नाय, बेटी."

"मग तुम्ही दुसरं का नाही केलं?"

"भ्या वाटतं," तो म्हणाला. "आताबी वाटायलंय. हे घे. चुलीजवळ, दिव्याजवळ नेऊ नकोस. आन आता जा लवकर."

मुनिरा हसली. सांडू हसला नाही. ती पेन पर्समध्ये टाकून पायरी उतरली, गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि मग त्यानं उठून दुकानाची दुसरी फळीही उघडली, वास निघून जावा म्हणून.